बांधाला बांध लागलेली कॉलेजं

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात आम्ही राहायला गेलो, त्याच आठवड्यात शेजारच्या बाई घरी केलेला केक घेऊन आल्या. नाव-गाव, मुलंबाळं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "मग तुम्ही कुणाकडचे? अलाबामा की ऑबर्न?" मी म्हटलं, आम्ही भारतातून आलोय, दोन्हीकडे शिकलेलो नाही. त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे शिकलेय? पण बाजू घ्यावीच लागते." त्यांच्या ओसरीवर एक झेंडा लावलेला होता, अर्धा गडद लाल, अर्धा निळा-केशरी. यजमान अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे चाहते, बाई ऑबर्न विद्यापीठाच्या. असे झेंडे तिकडे दुकानात तयार मिळतात आणि त्यांवर 'दुभंगलेलं घर' असं छापलेलं असतं.

या एका प्रश्नाचं उत्तर समजायला मला तिथली पाच-सहा वर्षं लागली. आता महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुलं एमएस करायला याच विद्यापीठांत जातात. मुलगी ओहायो स्टेटला असली की आई कोथरूडमध्ये लाल स्वेटशर्ट घालून सकाळी चालायला निघते, पण मिशिगनचं नाव काढल्यावर लेकीच्या मैत्रिणी का खवळतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून कॉलेज फुटबॉलच्या या वैराबद्दल जरा सावकाश सांगते.

आधी खेळाबद्दल थोडक्यात. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू लांबुळका, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा, अंगावर चिलखतासारखे पॅड, एका वेळी एका बाजूचे ११ खेळाडू. दोन कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. तेव्हा एका बाजूला २५ मुलं होती आणि खेळ आजच्यापेक्षा फारच वेगळा होता. व्यावसायिक संघ पुष्कळ नंतर आले. म्हणजे तिकडे कॉलेजचा फुटबॉल हा मोठ्या खेळाची खालची पायरी म्हणून जन्मला नाही. तोच मूळचा. अलाबामात तर आजही बड्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. राज्यातल्या माणसाला 'आपला' म्हणायला दोनच संघ, आणि दोन्ही कॉलेजचे.

स्टेडियमांचा आकारही डोळ्यांसमोर आणायला हवा. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. वानखेडे तीन वेळा भरेल एवढी ही गर्दी, आणि तीही विद्यापीठाच्या आवारात. हंगामात एका संघाचे नेहमीचे सामने मात्र साधारण १२. आयपीएलमध्ये साखळी फेरीतच १४ असतात. इतके कमी सामने असल्यामुळे एकेका पराभवाची किंमत फार मोठी. त्यातही खऱ्या वैऱ्याशी गाठ बहुतेक वेळा हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीत, वर्षातून एकदाच. त्या शनिवारी हरलात, तर पुढची संधी वर्षभराने. मधले बारा महिने ऑफिसात, चर्चमध्ये, सासरी-माहेरी ऐकून घ्यायचं.

आता वैराकडे येऊ. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. गावाकडे सगळ्यांत चिवट भांडण कुणाशी असतं? लांबच्या गावातल्या अनोळखी माणसाशी नसतं. ते असतं बांधाला बांध लागलेल्या चुलतभावाशी. एकच आजोबा, एकच विहीर, आणि वाटणीच्या वेळी कुणाला काय मिळालं याचा हिशेब तीन पिढ्यांनी तोंडपाठ केलेला. अमेरिकी कॉलेजांचं वैर नेमकं याच जातीचं आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या मुळाशी खरोखरच जमीन आहे.

१८६२ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्र सरकारने राज्यांना जमीन द्यायची, राज्यांनी ती विकायची आणि त्या पैशातून शेती, यंत्रविद्या असं कामाचं शिक्षण देणारी कॉलेजं चालवायची, अशी ती योजना. (ही जमीन मोठ्या प्रमाणावर तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.) काही राज्यांनी हे काम आधीच्या विद्यापीठाकडेच सोपवलं. पण अनेक राज्यांत एक जुनं विद्यापीठ होतं, वकील, डॉक्टर, आमदार घडवणारं. त्याच्या शेजारी आता दुसरं उभं राहिलं, शेतकऱ्या-कारागिरांच्या मुलांचं. दोघांनाही दरवर्षी एकाच विधिमंडळापुढे हात पसरायचा. कणगी एकच, खाणारी तोंडं दोन.

अलाबामात हेच झालं. टस्कलूसामधलं अलाबामा विद्यापीठ १८३१पासूनचं. ऑबर्न १८५६ साली मेथडिस्टांचं छोटं कॉलेज म्हणून सुरू झालं आणि १८७२ साली या योजनेत आलं. १९६०पर्यंत त्याचं अधिकृत नाव अलाबामा पॉलिटेक्निक असं होतं. थोरल्याने धाकट्याला 'गुरांचं कॉलेज' म्हणायचं आणि धाकट्याने थोरल्याला शिष्ट म्हणायचं, हे तेव्हापासून चालू आहे. आज ऑबर्नमधून इंजिनिअर आणि आर्किटेक्ट बाहेर पडतात आणि टस्कलूसात शेतकऱ्यांची मुलंही शिकतात. पण वाडवडिलांनी दिलेली नावं गळून पडत नाहीत.

या दोघांचा पहिला सामना १८९३ सालचा. १९०७ नंतर तो बंद पडला, आणि कारण काय, तर खेळाडूंच्या रोजच्या भत्त्याची रक्कम, किती खेळाडू आणायचे आणि पंच कुठून आणायचे. इतक्या किरकोळ गोष्टींवरून दोन विद्यापीठं ४१ वर्षं एकमेकांशी फुटबॉल खेळली नाहीत. शेवटी विधिमंडळानेच दोघांना खेळायला सांगितलं. १९४८ साली दोन्हीकडच्या विद्यार्थी अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खड्डा खणून खरीखुरी कुऱ्हाड पुरली. वैर मिटवण्याची ही खूण तिकडच्या मूळ रहिवाशांकडून आलेली. मग सामना झाला आणि अलाबामाने तो ५५-० जिंकला. कुऱ्हाड त्याच दुपारी पुन्हा वर आली असावी, असं मला वाटतं. बर्मिंगहॅममध्ये लोखंडाचे कारखाने, म्हणून या सामन्याचं नाव पडलं 'आयर्न बोल'.

थोरला आणि धाकटा ही जोडी नीट समजली की चाहत्यांचं अर्धं मन समजलं. वैर दोघांचं असलं तरी त्याचं वजन दोघांना सारखं नसतं. मिशिगन राज्यातल्या धाकट्याच्या, म्हणजे मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या चाहत्याला विचारा, सगळ्यांत मोठा वैरी कोण? तो लगेच म्हणेल, मिशिगन. मिशिगनवाल्याला विचारा, तो म्हणेल, ओहायो स्टेट. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची नजर टेक्सास विद्यापीठावर, तर टेक्सासची ओक्लाहोमावर. ओक्लाहोमा स्टेटची ओक्लाहोमावर, आणि ओक्लाहोमाची पुन्हा टेक्सासवर. जो तो आपल्या वरच्या पायरीकडे मान करून उभा. म्हणून तिकडे सगळ्यांत जिव्हारी लागणारं वाक्य शिवी नसतं. 'तुमच्याबद्दल आम्ही विचारच करत नाही,' हे ते वाक्य.

२००७ साली मिशिगनने मिशिगन स्टेटला त्यांच्याच मैदानावर २८-२४ असं हरवलं. त्यानंतर मिशिगनचा खेळाडू माइक हार्ट याने पत्रकारांसमोर त्यांना 'धाकटा भाऊ' म्हटलं. खेळता खेळता धाकट्याला थोडी आघाडी घेऊ द्यायची आणि मग आपण जिंकायचं, असं त्याचं म्हणणं. मिशिगन स्टेटचे कोच मार्क डँटोनिओ यांनी जे उत्तर दिलं त्याचा अर्थ आपल्याकडच्या 'गर्वाचं घर खाली' एवढाच होता. पुढच्या आठ वर्षांत मिशिगन स्टेटने सात सामने जिंकले. धाकटा म्हणणं इतकं झोंबलं, कारण त्यात सगळा जुना इतिहास होता. पैसे कुणाला जास्त, नाव कुणाचं मोठं, परदेशात कुणाला ओळखतात, आणि गावातली हुशार मुलगी शेवटी कुठे प्रवेश घेते.

मिशिगन आणि ओहायोचं प्रकरण तर शब्दशः बांधाचं. १८३५ साली मिशिगन अजून राज्य झालेलं नव्हतं. टोलेडो शहराभोवतीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर दोघांचा दावा होता, कारण जुन्या नकाशात सरोवराचं टोक चुकीच्या जागी काढलेलं होतं. दोन्हीकडून सशस्त्र तुकड्या निघाल्या. प्रत्यक्षात युद्ध असं झालंच नाही. एका अधिकाऱ्याला चाकू लागला, तोही वाचला. शेवटी पट्टा ओहायोला मिळाला, आणि मिशिगनला त्याबदल्यात उत्तरेचा दुर्गम जंगली प्रदेश देऊन १८३७ साली राज्याचा दर्जा देण्यात आला. तेव्हा मिशिगनवाल्यांना फसवणूक वाटली. पुढे त्याच जंगलात तांबं आणि लोखंड निघालं.

फुटबॉलचा पहिला सामना मात्र १८९७ सालचा, म्हणजे या तंट्यानंतर ६० वर्षांनी. मैदानावरचं वैर टोलेडोतून सरळ उगवलं, असं मी म्हणणार नाही. ते खरं पेटलं १९६९ ते १९७८ या दहा वर्षांत. ओहायो स्टेटचे कोच वुडी हेझ, आणि मिशिगनचे नवे कोच बो शेमबेकलर. शेमबेकलर हेझ यांच्या हाताखाली खेळलेले, पुढे त्यांचेच मदतनीस झालेले. शिष्य गुरूच्या समोर उभा राहिला आणि पहिल्याच वर्षी अजिंक्य वाटणाऱ्या ओहायो स्टेटला त्याने २४-१२ हरवलं. दहा सामन्यांचा हिशेब झाला मिशिगन पाच, ओहायो स्टेट चार, एक बरोबरीत. इतकं अटीतटीचं असल्यामुळेच ते लोकांच्या मनात घट्ट बसलं. हेझ 'मिशिगन' हे नाव घ्यायचे नाहीत, 'वरच्या अंगाचा तो संघ' म्हणायचे. आजही सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या, कोलंबस शहरातल्या आवारातल्या पाट्यांवरची 'एम' ही अक्षरं लाल फुलीने झाकली जातात. ए अँड एमवाले टेक्सास विद्यापीठाची आद्याक्षरं मुद्दाम उलटी आणि छोट्या लिपीत लिहितात. आमच्या गावाकडे भाऊबंदांचा उल्लेख 'पलीकडचे' एवढाच व्हायचा, नाव तोंडात यायचं नाही. तसंच हे. ज्याचं नाव टाळायचं, तोच दिवसभर डोक्यात असतो.

शेमबेकलर १७ नोव्हेंबर २००६ रोजी गेले. दुसऱ्या दिवशी कोलंबसमध्ये क्रमांक एकचा ओहायो स्टेट आणि क्रमांक दोनचा मिशिगन एकमेकांशी भिडणार होते. त्या दिवशी ओहायो स्टेटच्या भरलेल्या स्टेडियमने आयुष्यभराच्या वैऱ्यासाठी उभं राहून शांतता पाळली. सामना ओहायो स्टेटने ४२-३९ जिंकला.

पण मग डोळ्यांसमोर घडलेली गोष्टही दोन बाजूंना वेगळी का दिसते? यावर एक सुंदर जुना अभ्यास आहे. नोव्हेंबर १९५१मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांचा सामना फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनचा नामांकित खेळाडू डिक कॅझमायर याचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच डार्टमथ संघाचे ९.८ दिसले. दुपटीहून जास्त. ही मुलं खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांना खरंच तेवढे दिसले. आपण आधी बाजू घेतो आणि डोळे मागून येतात. अंपायरने आपल्या फलंदाजाला पायचीत दिल्यावर घरात काय होतं, ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहे.

दुसरा अभ्यास रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९७६ सालचा. त्यांनी सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात येणाऱ्या मुलांचे कपडे पाहिले. शनिवारी संघ जिंकला असेल, तर विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे. फोन करून सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकल्यावर मुलं 'आम्ही' म्हणायची, आणि हरल्यावर 'आम्ही'चं प्रमाण घसरायचं. आपणही म्हणतोच, आपण जिंकलो, आणि हे हरले. चाहतेपण म्हणजे स्वतःचा थोडा भाग दुसऱ्यांच्या खांद्यावर ठेवणं. म्हणून पलीकडच्यांनी संघाला नावं ठेवली की ती थेट आपल्याला लागतात.

हे झालं वैऱ्यांबद्दल. बाकीच्या शेकडो कॉलेजांकडे चाहते कसे बघतात? बहुतेकांकडे बघतच नाहीत. ज्यांच्याकडे बघतात, त्यांच्यावर एकेक शिक्का असतो. महागडी खासगी विद्यापीठं म्हणजे श्रीमंतांची मुलं. आणि त्यांची मुलंही हरता हरता एक घोषणा देतात, तिचा मथितार्थ असा, असू दे, एक दिवस तुम्ही आमच्याकडेच नोकरीला याल. मला ही घोषणा फार कुरूप वाटते, कारण मैदानावरचं उत्तर तिजोरीतून दिलेलं असतं. याच्या उलट बाजूलाही तसंच. मिशिगन विद्यापीठात न शिकता त्याचे शर्ट घालणाऱ्यांना मिशिगन स्टेटचे लोक 'वॉलमार्ट वुल्व्हरीन' म्हणतात, म्हणजे स्वस्त दुकानातून शर्ट घेऊन चाहते झालेले (वुल्व्हरीन हे मिशिगनच्या संघाचं टोपणनाव). धाकटे म्हणून हिणवलेले लोकच इथे दुसऱ्याच्या कपड्यांची किंमत काढतात. वैर माणसाला कुठे नेतं, ते अशा वेळी दिसतं.

शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्या चाहत्यांची माया मला नेहमी जास्त खरी वाटली. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण नॉत्र दाम. इंडियानातलं हे कॅथलिक विद्यापीठ. १९२०च्या दशकात अमेरिकेत कॅथलिकांबद्दल उघड द्वेष होता. मे १९२४मध्ये तर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक विद्यापीठाजवळच्या साउथ बेंड शहरात जमले तेव्हा नॉत्र दामच्या विद्यार्थ्यांची त्यांच्याशी रस्त्यात मारामारी झाली. त्याच काळात या विद्यापीठाचा संघ भल्याभल्यांना हरवत होता. न्यूयॉर्कचे आयरिश, इटालियन, पोलिश कामगार, ज्यांनी कॉलेजची पायरीही चढलेली नव्हती, ते या संघाचे झाले. भुयारी रेल्वेने सामन्याला जायचे, म्हणून त्यांना 'सबवेचे माजी विद्यार्थी' म्हणत. नॉत्र दामचा संघ जिंकला की त्यांना वाटायचं, या देशात आपल्यालाही जागा आहे. आणि इतरांना हा संघ गर्विष्ठ, लाडावलेला वाटायचा. आजही अमेरिकेत नॉत्र दामबद्दल मधलं मत असलेला माणूस शोधावा लागतो.

लष्कर आणि नौदलाच्या अकादमींचा सामना मात्र वेगळ्या घडणीचा. १८९०पासूनचा. संघाची खूण म्हणून पाळलेले एकमेकांचे प्राणी पळवायचे, नौदलाचा बोकड तर कितीदा पळवला गेला. पण सामना संपला की दोन्ही संघ एकत्र आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहतात, त्यांचं गीत होतं, मग जिंकलेल्यांचं. म्हणून दोन्हीकडची इच्छा एकच, आपलं गाणं दुसरं यावं. मैदानावरच्या या मुलांना पुढे एकाच देशाच्या सैन्यदलांत, एकमेकांच्या भरवशावर नोकरी करायची असते.

वैरात कधी कधी खरं विष असतं, ते झाकून ठेवू नये. १९३४ साली आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ओझी सिमन्स याला मिनेसोटाविरुद्ध इतका मार बसला की त्याला पुन्हा पुन्हा मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षी आयोवाच्या गव्हर्नरांनी जाहीर इशारा दिला की असं परत झालं तर प्रेक्षक सहन करणार नाहीत. वातावरण तापलं. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी तार करून पैज मांडली, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला एक उत्तम डुक्कर द्यायचं. मिनेसोटा १३-६ जिंकलं, डुक्कर गेलं, आणि त्याचा ब्राँझचा पुतळा आजही जिंकणाऱ्या संघाकडे जातो. त्या पैजेने दंगल टळली असेल. पण सिमन्सला झालेल्या मारहाणीचं काय, हा प्रश्न डुकराच्या मजेदार गोष्टीखाली दबून गेला. चषकांच्या अशा गोष्टी सांगताना मूळ माणसाचं नाव घेतलं पाहिजे.

इतकं सगळं असून, गेल्या पंधरा वर्षांत चाहते सर्वांत जास्त हळहळले ते वैरी गमावल्यामुळे. अमेरिकेत कॉलेजं आपापसात खेळण्यासाठी गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी हे गट भूगोलावर ठरायचे, शेजारी-शेजारी. मग टीव्हीच्या हक्कांचे पैसे अफाट वाढले आणि मोठी कॉलेजं जास्त पैसे देणाऱ्या गटाकडे जाऊ लागली. 'बिग टेन' हे नाव असलेल्या गटात २०२४पासून १८ कॉलेजं आहेत, लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली. ऑरेगन विद्यापीठ त्या गटात गेलं आणि शेजारचं ऑरेगन स्टेट मागे राहिलं. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटचा दरवर्षीचा सामना २०२३ साली थांबला. कॅन्सस आणि मिझुरीचं वैर तर यादवी युद्धाच्या आगीतलं. १८६३ साली मिझुरीकडच्या टोळीने कॅन्ससमधलं लॉरेन्स शहर जाळून दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले होते, आणि आज कॅन्सस विद्यापीठ त्याच लॉरेन्समध्ये आहे. त्यांचा फुटबॉल सामना २०११नंतर बंद पडला तो थेट २०२५ साली पुन्हा झाला.

टेक्सास आणि टेक्सास ए अँड एमही २०११मध्येच तुटले. १८९४पासून चालत आलेला सामना १३ वर्षं झाला नाही. या काळात दोघांनीही बडे संघ हरवले, पैसे मिळवले, पण थँक्सगिव्हिंगला जेवून झाल्यावर टीव्हीसमोर बसायचं कशासाठी, हे टेक्सासच्या घरांना कळेना. हे नातं किती खोल होतं, ते १९९९मध्ये दिसलं होतं. टेक्सासशी सामना असला की ए अँड एमचे विद्यार्थी लाकडांची प्रचंड होळी रचायचे. १८ नोव्हेंबरच्या पहाटे ती रचताना कोसळली आणि १२ जण गेले. आठवड्याने सामना झाला. मध्यंतरात टेक्सासच्या विद्यार्थ्यांचा बँड मैदानात आला, नेहमीची धून बाजूला ठेवून त्यांनी शोकधून वाजवली आणि डोक्यावरच्या हॅट काढून मैदान सोडलं. ए अँड एमने तो सामना २०-१६ जिंकला. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा टेक्सास १७-७ जिंकलं. हरलेल्या बाजूलाही त्या रात्री काहीतरी परत मिळालं होतं, असं मला टीव्हीवर ती गर्दी बघताना वाटत राहिलं.

आता पुन्हा अलाबामात, माझ्या शेजारणीच्या ओसरीवर येते. ऑबर्न गावात टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे. तिथे दोन जुनी ओकची झाडं होती. संघ जिंकला की गावकरी आणि विद्यार्थी त्यांच्यावर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकायचे, सगळं झाड पांढरंशुभ्र व्हायचं. २०१०च्या सामन्यात ऑबर्न ०-२४ मागे पडून २८-२७ जिंकलं. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतलं आणि जानेवारी २०११मध्ये रेडिओवर फोन करून स्वतःच ते सांगितलं. त्याला पुढे शिक्षा झाली. बातमी आली त्या दिवशी शेजारच्या बाई रडल्या होत्या. त्यांचे यजमान, आयुष्यभर अलाबामाचे, दोन दिवस आपली लाल टोपी घालून बाहेर पडले नाहीत.

त्याच वर्षी २७ एप्रिलला प्रचंड टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं वादळ, टस्कलूसा चिरत बर्मिंगहॅमच्या कडेपर्यंत आलं. साठाहून जास्त माणसं त्या एका वादळात गेली. झाडांना विष घातल्याचा राग अजून ताजा होता. तरी ऑबर्नच्या चाहत्यांनी मदतीसाठी गट उभा केला, 'टूमर्स फॉर टस्कलूसा' या नावाने. ज्या चौकातली झाडं मरत होती, त्याच चौकाचं नाव. ट्रक भरभरून पाणी, ताडपत्र्या, करवती टस्कलूसाला जाऊ लागल्या. शेजारच्या बाईंनी गॅरेजमधून दोन करवती काढल्या, निळा-केशरी शर्ट घातला आणि चार दिवस तिकडे राहिल्या.

झाडं वाचली नाहीत. एप्रिल २०१३मध्ये ती तोडली. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला आयर्न बोल होता, अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, मागची दोन अजिंक्यपदं त्यांची. २८-२८ बरोबरी, घड्याळात एक सेकंद. अलाबामाने ५७ यार्डांवरून खांबांच्या मधून चेंडू मारून तीन गुण मिळवायचा प्रयत्न केला. चेंडू कमी पडला. मैदानाच्या अगदी टोकाला उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो झेलला आणि अख्खं मैदान पळत पार केलं. ३४-२८. आमच्या गल्लीत एका घरातून किंकाळी आली आणि बाकीच्या घरांतून काहीच आवाज आला नाही.

पाऊण तासाने शेजारच्यांची गाडी निघाली. बाईंना रात्री गाडी चालवायला नीट दिसत नसे, म्हणून यजमानच चालवत होते. मी मागच्या सीटवर होते, शेजारी दुकानातून उचललेली कागदाची बारा भेंडोळी. दोन तासांच्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. चौकात झाडं नव्हती, त्यांच्या जागी खांब रोवून तारा ताणल्या होत्या, आणि त्यांवरून पांढरे कागद लोंबत होते. बाई गर्दीत शिरल्या. त्यांच्या खांद्याचं दुखणं होतं, भेंडोळं तारेपर्यंत पोचेना. तिसऱ्यांदा ते खाली पडलं तेव्हा यजमान पुढे गेले, लाल टोपी काढून खिशात कोंबली, भेंडोळं उचललं आणि एकाच झटक्यात तारेपलीकडे फेकलं. मग परत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "पिशवीत अजून किती आहेत?"